‘चूक कोणाची?’ याच्या पुढचा प्रश्न

तुमच्या घरी जुनी स्प्लेंडर असेल, तर हा सीन तुम्हाला पाठ असेल. भर रस्त्यात गाडी गचके खायला लागते. मागचे हॉर्न सुरू होतात. आपण मागच्या सीटवर टेन्शनमध्ये, पण बाबा मात्र निवांत. त्यांचा डावा हात गुडघ्याजवळ खाली जातो, टाकीखालचा कॉक फिरतो आणि दोन-चार सेकंदांत गाडी पुन्हा सुरळीत चालायला लागते. ‘रिझर्व्हला लागली,’ एवढंच ते म्हणतात. खाली वाकून बघायचीसुद्धा गरज पडत नाही. हाताला जागा माहीत असते.

आता जरा वेगळी कल्पना करा. तोच कॉक कोणीतरी तुमच्या पाठीमागे, डाव्या खांद्याच्याही मागे बसवलाय. त्यावर ऑन, ऑफ, रिझर्व्ह असं काहीच लिहिलेलं नाही. तो फिरवायचा तर हँडल सोडून, अंगाला पीळ देऊन मागे वळावं लागतं. आणि तुम्ही रस्त्यावर नाही, समुद्रावर शंभर-दीडशे मीटर उंचीवर आहात.

ही नुसती कल्पना नाही. १२ ऑक्टोबर १९९७च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियात एका छोट्या विमानात साधारण हेच घडलं. विमानात एकटा माणूस होता. त्याचं गाणं तुम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर, कोणाच्या तरी गिटारवर नक्की ऐकलंय. ‘कंट्री रोड्स’वाला जॉन डेन्व्हर. त्याच्या शेवटच्या उड्डाणाकडे येऊच. त्याआधी हे सगळं आज का लिहितेय, ते सांगते.

एक शीर्षक आणि लाल पेन

१२ जून २०२५ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळलं. २६० माणसं गेली. त्यातली २४१ विमानातली होती आणि १९ जमिनीवरची. महिनाभराने विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल आला आणि ‘फ्युएल स्विच’ हा शब्द घराघरात पोहोचला. दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा नियंत्रित करणारे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेले होते, असं त्या अहवालात नोंदवलं होतं. ते कसे गेले, याचा निष्कर्ष मात्र त्यात नव्हता. पण आपल्या ग्रुप्सना कुठे निष्कर्षाची वाट बघायची असते! त्याच रात्री कोणी वैमानिकांना दोषी ठरवलं, कोणी कंपनीला. कॉलेजच्या कट्ट्यावर सगळेच एव्हिएशन एक्स्पर्ट.

मी वेगळी नाही. इंटर्नशिपच्या सुरुवातीला डेस्कवर मला परदेशातल्या एका छोट्या विमानाच्या अपघाताची एजन्सीची बातमी मराठीत करायला दिली होती. इंजिनापर्यंत इंधन पोहोचलं नाही, इंजिनाची ताकद गेली, विमान शेतात उतरवताना मोडलं, असा मजकूर होता. मी झटक्यात शीर्षक दिलं : ‘वैमानिकाच्या चुकीमुळे विमान कोसळले’. शेजारी बसणाऱ्या सरांनी लाल पेनाने त्यावर काट मारली आणि विचारलं, ‘चूक कोणाची, हे तू ठरवलंस. ती झाली कशी, हे वाचलंस का?’

नव्हतं वाचलं. मग वाचायला बसले. आणि लक्षात आलं की छोट्या विमानांमध्ये इंधनाच्या भानगडीने इंजिन बंद पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. दुर्मीळ गोष्ट आहे ती म्हणजे त्यामागचं कारण शेवटपर्यंत वाचणं.

टाकीत आहे, पण नळाला नाही

आधी थोडं तांत्रिक, पण सोप्पं. इंधनामुळे इंजिन बंद पडण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला, इंधन संपलं. यात समजवायचं काही नाही. दुसरा प्रकार जास्त विचित्र. इंधन आहे, पण इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरलेली आहे आणि तुमच्या नळाला मात्र थेंब नाही, तसं.

असं का होतं? छोट्या विमानात इंधनाच्या टाक्या बहुतेक वेळा पंखांत असतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. कोणत्या टाकीतलं इंधन इंजिनाकडे जाणार, हे एका कॉकने ठरतं. त्याला फ्युएल सिलेक्टर म्हणतात. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ विमानात पंख वर असतात, त्यामुळे इंधन आपल्या वजनाने खाली येतं. सिलेक्टरला ‘डावी’, ‘उजवी’ आणि ‘दोन्ही’ अशा जागा असतात. पायपर चेरोकीसारख्या, पंख खाली असलेल्या विमानात इंधन पंपाने ओढावं लागतं आणि तिथे ‘दोन्ही’ हा पर्याय नसतो. ठरावीक वेळाने वैमानिकाला आठवणीने टाकी बदलावी लागते. विसरला, तर एक टाकी कोरडी आणि दुसरी भरलेली असतानाही इंजिन बंद पडू शकतं.

आणखी कारणं आहेत. तेलाचा पत्र्याचा डबा उघडताना आई एक भोक पाडून थांबत नाही, दुसरंही पाडते. हवा आत गेली नाही तर तेल धड बाहेर येत नाही. विमानाच्या टाकीलाही हवा आत येण्यासाठी अशी नळी असते. तिच्यात एखाद्या किड्याने घर केलं, की इंधनाचा प्रवाह अडतो. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारठ्याने दव धरतं आणि पाणी साचतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि इंजिनाकडे जाणारी नळीही तळाकडूनच निघते. शिवाय चुकीचं इंधन भरलं जाण्याचा धोका आहेच. त्याची एक भन्नाट गोष्ट पुढे येतेय.

आता आकडे बघा. अमेरिकेत वाहतूक अपघातांचा तपास करणारी स्वतंत्र संस्था आहे, नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड, म्हणजे एनटीएसबी. २०१७मध्ये तिने वैमानिकांसाठी एक सूचना काढली. २०११ ते २०१५ या काळात अमेरिकेत छोट्या, खासगी विमानांचे इंधन व्यवस्थापनाशी संबंधित अपघात वर्षाला सरासरी ५०हून जास्त झाले होते. म्हणजे जवळपास दर आठवड्याला एक. त्यांतल्या ९५ टक्के अपघातांत माणसाच्या निर्णयाचा किंवा कृतीचा वाटा होता.

‘बघा, म्हणजे वैमानिकाचीच चूक!’ असं तुमच्या मनात आलं असेल, तर थांबा. माझ्याही आलं होतं. पण त्याच सूचनेत पुढे लिहिलंय की या अपघातांतले विद्यार्थी वैमानिक फक्त २ टक्के होते. ४८ टक्के जणांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. म्हणजे चूक करणारे नवखे नव्हते. मग शिकलेली, अनुभवी माणसं इतकी साधी चूक का करतात? इथे जॉन डेन्व्हरकडे परत जाऊ.

खांद्यामागचा कॉक

डेन्व्हर हौशी होता, पण कच्चा नव्हता. वडील अमेरिकन हवाई दलात वैमानिक. स्वतःचा उड्डाणाचा अनुभव २,७०० तासांहून जास्त. वय ५३. अपघाताच्या आदल्याच दिवशी त्याने ‘लाँग-ईझी’ प्रकारचं विमान ताब्यात घेतलं होतं. हे विमान कारखान्यात बनत नाही. बर्ट रुटान या नामवंत डिझायनरचे आराखडे विकत घ्यायचे आणि गॅरेजमध्ये स्वतः बांधायचं, असा तो प्रकार. इंजिन मागे, लहान पंख पुढे. दिसायला एकदम स्टायलिश.

मूळ आराखड्यात फ्युएल सिलेक्टर पुढे, वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये होता. हे विमान बांधणाऱ्या माणसाने तो हलवला आणि डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेला. हेतू चांगला होता : इंधनाच्या नळ्या वैमानिकाच्या कक्षात नकोत. पण त्या कॉकवर कोणती जागा कशासाठी, याच्या खुणा नव्हत्या. इंधन किती आहे हे दाखवणारी मापकंही पाठीमागेच होती आणि त्यांच्यावरही खुणा नव्हत्या. घरी बांधलेल्या विमानात असे बदल करायला मोकळीक असते.

उड्डाणाआधी मॉन्टेरे विमानतळावर डेन्व्हर आणि तिथला एक तंत्रज्ञ याच कॉकबद्दल बोलत होते. हात पोहोचत नाही, हे दोघांनाही दिसत होतं. कॉकला पकड लावून दांडा लांब करता येतो का, हेही त्यांनी करून पाहिलं. जमलं नाही. मापकं बघता यावीत म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक छोटा आरसा दिला. टाकी बदलायची वेळ आली तर ऑटोपायलट लावून विमान सरळ ठेवीन, असं डेन्व्हर म्हणाला. इंधन भरायचं का, असं विचारल्यावर नको म्हणाला. तासाभराचंच तर उड्डाण होतं.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं, अरे, तुम्हाला दिसतंय ना! पण प्रामाणिकपणे सांगा, आपण असं किती वेळा करतो? ब्रेक थोडा सैल आहे, पण ‘एवढं कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय’. धोका माहीत असतो, तात्पुरता जुगाड असतो आणि अंतर कमी असतं.

संध्याकाळी ५ वाजून १२ मिनिटांनी त्याने उड्डाण केलं. विमान उतरवून लगेच पुन्हा उचलण्याचा सराव तीन वेळा केला आणि मग तो किनाऱ्याकडे वळला. ५ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास किनाऱ्यावरच्या लोकांनी विमान ३५० ते ५०० फुटांवर पाहिलं. काहींना ‘फट्’ असा आवाज आणि पाठोपाठ इंजिनाचा कमी झालेला आवाज ऐकू आला. मग विमान कलंडलं आणि नाकावर समुद्रात कोसळलं.

तपास करणाऱ्यांनी त्यानंतर जे केलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी तशाच विमानात बसून तो कॉक फिरवून पाहिला. त्यासाठी चार गोष्टी कराव्या लागत होत्या. स्टिकवरचा हात सोडायचा, खांद्याचा पट्टा सैल करायचा, कमरेपासून वरचं अंग डावीकडे पूर्ण वळवायचं आणि मग कॉक फिरवायचा. असं वळताना तोल सांभाळायला माणूस नकळत उजवा पाय पुढे रेटतो, हेही त्यांना दिसलं. उजव्या पायाखाली काय होतं? रडरचं पेडल. ते दाबलं, की विमानाचं तोंड उजवीकडे फिरणार. मागे वळलेल्या माणसाला ते कळायलाही उशीर होणार. आणि पाचशे फुटांवर उशीर परवडत नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येत नाही. सेस्ना १७२सारखं विमान साधारण एक किलोमीटर खाली येताना नऊ किलोमीटर पुढे तरंगत जाऊ शकतं. तीन हजार फुटांवर असाल, तर शेत किंवा रस्ता शोधायला काही मिनिटं मिळतात. पाचशे फुटांवर जेमतेम पाऊण मिनिट. डेन्व्हरचा जीव नुसता इंजिनाची ताकद गेल्याने गेला नाही. ती परत आणण्याच्या धडपडीत विमानावरचा ताबा सुटला.

जानेवारी १९९९मध्ये आलेल्या अंतिम निष्कर्षात एनटीएसबीने डेन्व्हरला सूट दिली नाही. इंधन न भरणं आणि कॉक फिरवताना लक्ष विचलित होणं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. पण यादी तिथे थांबत नाही. बांधणाऱ्याने कॉक अवघड जागी हलवला, त्यावर खुणा नव्हत्या, मापकांवर खुणा नव्हत्या आणि या नव्या प्रकारच्या विमानाची ओळख करून देणारं प्रशिक्षण अपुरं होतं, हेही नोंदवलंय.

आणखी एक तपशील सांगते, कारण तो लपवणं बरोबर नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या जुन्या प्रकरणांमुळे डेन्व्हरचं वैद्यकीय प्रमाणपत्र तेव्हा वैध नव्हतं. नियमाने त्याने उडायलाच नको होतं. घाईतल्या बातमीला एवढं पुरेसं आहे : ‘दारुड्या गायक, विमान कोसळलं’. प्रत्यक्षात शवविच्छेदनात दारूचा अंशही सापडला नाही. त्या कथेवर थांबलो असतो, तर खांद्यामागचा कॉक कोणाला कळलाच नसता. आणि तसा कॉक बसवलेल्या विमानातला पुढचा माणूस एक थेंबही न पिता त्याच पद्धतीने गेला असता.

पायलटने त्याला परत का बोलावलं?

आता ती भन्नाट गोष्ट. बॉब हूवर हे अमेरिकेतलं एअर शोंमधलं दंतकथा बनलेलं नाव. दुसऱ्या महायुद्धातला लढाऊ वैमानिक. १९७८मध्ये सॅन डिएगोतल्या एका शोनंतर तो दोन प्रवाशांना घेऊन निघाला. विमान दोन इंजिनांचं, पेट्रोलवर म्हणजे एव्हगॅसवर चालणारं. तीनशे फुटांवर पोहोचेपर्यंत दोन्ही इंजिनांची ताकद गेली. त्याने विमान एका घळीत कसंबसं उतरवलं. तिघंही वाचले.

कारण सापडलं ते असं : इंधन भरणाऱ्या तरुण कामगाराने टाकीत एव्हगॅसऐवजी जेट इंधन भरलं होतं. त्याच्यासारखंच दिसणारं, पण जेट इंधनावर चालणारं विमानही तेव्हा होतं. नळ्यांमध्ये उरलेल्या चांगल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होतं, विमान धावतं, उचलतं. मग तो साठा संपतो.

त्या मुलाची काय अवस्था झाली असेल! हूवर परत आला, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, उद्या माझ्या दुसऱ्या विमानात इंधन तूच भरायचंस. ही चूक हा मुलगा आयुष्यात पुन्हा करणार नाही, याची त्याला खात्री होती.

ही गोष्ट इथे संपली असती, तर ती ‘मोटिव्हेशनल रील’ झाली असती. पण माणूस सुधारला तरी यंत्रणा तीच राहिली, तर दुसऱ्या विमानतळावर दुसरा मुलगा तेच करणार. म्हणून पुढे जेट इंधनाच्या पाइपला रुंद, चपट्या तोंडाचा नोझल आला आणि पेट्रोलच्या टाकीच्या तोंडाला अरुंद कडी. जेटचा नोझल पेट्रोलच्या टाकीत जातच नाही. चूक करायची म्हटलं तरी हाताला जाणवतं. त्या नोझलला आजही हूवरचं नाव आहे.

मग दोष द्यायचाच नाही का?

हा प्रश्न मी सरांनाही विचारला. सगळं डिझाइनवर ढकललं, तर बेजबाबदार माणसं सुटतील ना? मुद्दा बरोबर आहे. त्यासाठी पोलीस आहेत, न्यायालयं आहेत. पण अपघाताचा तपास हे वेगळं काम आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीत, ज्याला ‘ॲनेक्स १३’ म्हणतात, हेतू एकच सांगितलाय : पुढचा अपघात टाळणं. दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा त्याचा उद्देश नाही. भारतही याच चौकटीत तपास करतो. कारण सोपं आहे. खरं बोललो तर आपलीच मान अडकेल असं वाटलं, तर कोणीच खरं बोलणार नाही. आणि खरं कळलं नाही, तर कॉक खांद्यामागेच राहील.

म्हणून अहमदाबादबद्दल लिहिताना किंवा बोलताना हात आखडता घ्यायला हवा. डेन्व्हरच्या विमानातला कॉक आणि ड्रीमलायनरचे स्विच यांची तुलना करून निष्कर्ष काढणं हासुद्धा उतावळेपणाच. ती दोन वेगळी जगं आहेत. सारखा आहे तो फक्त आपला प्रश्न. ‘कोणी केलं?’ विचारायला आपण एका रात्रीत तयार होतो. ‘कसं शक्य झालं?’ यासाठी डेन्व्हरच्या बाबतीत एक वर्षाहून जास्त काळ गेला. तेवढा धीर आपल्याकडे आहे का?

पायलट व्हायचंय? हे लक्षात असू द्या

बारावीनंतर गोंदियाला किंवा शिरपूरला विमान शिकायला जाणारं कोणी ना कोणी तुमच्या ओळखीत असेल. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातला पहिला तास सुरू होण्याआधीच या सवयी शिकवल्या जातात.

● काट्यावर विसंबू नका. टाकीत पट्टी बुडवून किंवा डोळ्यांनी बघून इंधन मोजा.

● टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढा. एव्हगॅस १००एलएल फिकट निळं दिसतं. तळाशी वेगळा थर दिसला, तर ते पाणी.

● लिटरइतकाच वेळही मोजा. सेस्ना १७२ तासाला साधारण ३० ते ३५ लिटर पिते. घड्याळ काट्यापेक्षा प्रामाणिक असतं.

● सिलेक्टर कुठे आहे, हे डोळे मिटून हाताला कळलं पाहिजे, तेही जमिनीवर असतानाच.

● इंजिन शांत झालं, तर आधी विमान सांभाळा. कॉक, पंप, रेडिओ त्यानंतर.

यातली शेवटची सवय वाचायला सर्वात सोपी आणि करायला सर्वात अवघड आहे.

तुमच्या हातात काय?

तुमच्यातले सगळे पायलट होणार नाहीत. पण कोणी इंजिनिअर होईल आणि एखादा कॉक कुठे बसवायचा हे ठरवेल. कोणी डॉक्टर होईल, जिथे सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतील. कोणी माझ्यासारखं बातम्या लिहील. आणि फॉरवर्ड तर आपण सगळेच करतो.

पुढच्या वेळी ‘मानवी चूक’ हे दोन शब्द वाचलेत, की तिथे पूर्णविराम आहे असं समजू नका. स्वतःला तीन गोष्टी विचारा. ही चूक आधी कोणी केली होती का? ती करणं सोपं होतं की अवघड? आणि उद्या त्याच खुर्चीत दुसरं कोणी बसलं, तर तेच होईल का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर दोषी सापडला तरी प्रश्न सुटलेला नाही.

माझ्या त्या बातमीचं काय झालं, विचाराल. शीर्षक बदललं : ‘इंधन न पोहोचल्याने इंजिनाची ताकद गेली, कारणाचा तपास सुरू’. फिकं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण त्यात एकही शब्द मला नंतर मागे घ्यावा लागला नाही.